मणीफुई आणि वहीत नसलेल्या बायका

फुई, लिहायला बसलो खरा, पण आधी तुझी माफी मागतो. घरात माझ्याहून मोठी माणसं आहेत आणि त्यांतल्या कुणाला तुझ्याबद्दल लिहावंसं वाटलेलं नाही. बाईमाणसाच्या दुखण्याबद्दल, त्यातही अशा जागच्या दुखण्याबद्दल, भाच्यानं कागदावर चार ओळी लिहाव्यात हे आपल्याकडे कुणी पाहिलेलं नाही. शिवाय मी अजून इंटरला आहे, आणि माझ्या निबंधावर सर लाल शाईनं 'भाषा कोरडी' असं लिहितात. तरी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी त्यांनीच सांगितलं, 'ज्या व्यक्तीकडून शिकलात तिच्याविषयी लिहा.' बाकीची मुलं आपापल्या गुरुजींविषयी लिहीत आहेत. मला दुसरं कुणी सुचलंच नाही.

आणखी एक अडचण आहे. घरात आपण गुजरी बोलतो (आत्याला फुई म्हणतो ते त्यातलंच), गावात अहिराणी, आणि तू तर एकाच वाक्यात दोन्हींत ये-जा करायचीस. ही पुस्तकातली मराठी ऐकून तू विचारलं असतंस, "कोना घरनी बोली शे ही?" तुझं म्हणणं बरोबरच आहे. पण शाळेनं मला एवढीच लिहायला शिकवली.

तुला जाऊन आज सतरावा दिवस. मला आठवतंय ते तुझं विचारणं. विधवा होऊन तू भावाच्या, म्हणजे माझ्या बापूंच्या, घरी आलीस तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण माझ्या पहिल्या आठवणीतसुद्धा तू काहीतरी विचारतेच आहेस. तापीच्या पाण्याला पुराच्या वेळी वास वेगळा का येतो, पोस्टमन चिठ्ठी न उघडता घर कसं ओळखतो, सरकीतून तेल निघतं तर कापसातून का नाही. कुणी उत्तर दिलं नाही तरी तू चिडायची नाहीस. प्रश्न तसाच ठेवायचीस आणि पुढे चालायचीस.

छातीतल्या गाठीबद्दल मात्र तू कुणालाच विचारलं नाहीस. कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत ती गाठ तू लुगड्याखाली सांभाळलीस. मग एक दिवस आईनं तुझी पाठ चोळताना पाहिली. तळोद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं, बापूंना बाजूला नेलं आणि मुंबईच्या कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलचं नाव कागदावर लिहून दिलं. बापू गाडीत पार सुरतेपर्यंत तो कागद हातात धरून बसले होते. मला बरोबर घेतलं कारण मी नुकता कॉलेजात गेलो होतो आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की मला इंग्रजी येतं.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. पांढरा कोट, जाड चष्मा, पायात पुरुषी बूट. पहिल्या दिवशी त्यांनी तुला विचारलं, "मणीबेन, तुमच्या घरात आणखी कुणाला असं झालं होतं? आई, बहीण, मावशी?"

"कोनलेच नही," तू म्हणालीस. लगेच म्हणालीस. बापू खाली पाहत होते. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी तेच शुद्ध मराठीत सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

ऑपरेशन झालं. आठ-दहा दिवसांनी त्या पट्टी बघायला आल्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "तुम्ही जे कापी लिधं ते मन्हं व्हतं. मले दखाडा."

मी भाषांतर करायला कचरलो. पण त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी तुला तुझ्याच पापण्या दिसल्या. मग तू बराच वेळ हलली नाहीस. मलाही बघायला दिलं. जांभळे ठिपके, दाटीवाटीनं, एकमेकांना ढकलणारे.

"वांगं काप्यावर अशाच बिया दिखतस," तू म्हणालीस. आणि मग, "इतलं देखनं शे ते. मंग मारस कसाले?"

"तेच शोधतोय, मणीबेन."

"कवय सापडी?" कधी सापडेल, मी मराठीत विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून कोटाला पुसला. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या डॉक्टरनं 'माहीत नाही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. माझे शिक्षक तसं कधी म्हणत नसत. तू मात्र मान हलवलीस, जसं काही तुला हवं ते उत्तर मिळालं होतं.

परतीच्या गाडीत, नवापूरच्या आसपास, तू मला म्हणालीस, "जग्या, तिनी मले मन्हं दखाडं. मी तिले मन्हं नही दखाडं." मला अर्थ लागला नाही. घरी आल्यावर लागला. ओसरीवर बसून तू सांगितलंस की तुझी आई, म्हणजे आमची मोठी माय, अशाच गाठीनं गेली. तुझी मावशीही. आणि तुझी थोरली बहीण जमनाफुई, जिला 'वारं बसलं' असं आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, तिलाही वारं बसलं नव्हतं. बोललं तर घरातल्या पोरींना कुणी मागणार नाही, म्हणून कुणी बोललं नव्हतं. तूही नाही.

डॉक्टरीणबाईंना मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की काही घरांत हा रोग जास्त दिसतो; का, ते अजून उमगलेलं नाही; अशा घरांची माहिती त्या गोळा करत आहेत; तुमची वंशावळ घेऊन या.

वंशावळ म्हटल्यावर मी खूश झालो. त्या दिवाळीनंतर आपले भाट गुजरातेतून आलेच होते, लाल फडक्यात बांधलेली पिढ्यांची वही घेऊन. मी दुपारभर त्यांच्यापुढे बसून सात पिढ्या उतरवून घेतल्या, वळणदार अक्षरात, आखलेल्या कागदावर. किरणांच्या शेकासाठी तुला पुन्हा मुंबईला नेलं तेव्हा तो कागद मी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरला. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर.

"जगन, यात बायका कुठे आहेत?"

मी पाहिलं. एकही नव्हती. सात पिढ्यांत बापाला मुलगा होत होता, मुलाला मुलगा होत होता, मध्ये कुणीच नव्हतं. तू पदर तोंडाला लावून इतकी हसलीस की बाजूच्या बाकावरच्या बाया वळून बघायला लागल्या.

त्यांनी मला शिकवलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला रोग झाला तो आतून काळा करायचा, नवरा-बायकोला आडवी रेघ, मुलांना उभी. त्या बाकावर बसून तू सांगत गेलीस आणि मी काढत गेलो. ज्या बायकांची नावं भाटाला ठाऊक नव्हती ती तुला चार-चार गावांची ठाऊक होती. कोण कुठे दिली, तिला किती पोरं, कोण कशानं गेलं.

"ही करपेल भाकर कोन?" तू कागदावर बोट ठेवून विचारलंस.

"मोठी माय."

"आनि ही?"

"जमनाफुई."

"मंग मन्ही बी करपाडी टाक. लाजस कसाले?"

मी तुझा गोल काळा केला. शाई जरा बाहेर गेली. तू डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणालीस, "तुम्ही बी भाटच शेत. आम्हना भाटना वहीमा मन्हं नाव नही. तुम्हना वहीमा शे, ते बी कायं करीसन." मी हे 'काळं करून'सकट मराठीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुझं पूर्ण नाव विचारलं आणि काळ्या गोलाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं.

मग त्यांचं बोट मोठ्या मायवरून बापूंच्या चौकोनावर आलं, तिथून खाली कमलच्या गोलावर. कमल माझी धाकटी बहीण, तेव्हा सोळाची. "या मुलीला एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या. "आत्ता काही असेल असं नाही. पण बघून ठेवू, आणि पुढे वरचेवर बघत राहू."

मी म्हणालो, "पण मधे तर वडील आहेत. पुरुषांना हे कसं होईल?"

"त्यांना होईल असं नाही. पण त्यांच्याकडून पुढे जात असावं, असं आम्हाला वाटतं."

फुई, मला खरं सांगू दे. त्या क्षणी मला भीती वाटली, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. वर्गात आम्हाला वाटाण्याचं शिकवलेलं होतं. उंच झाड, बुटकं झाड, एका पिढीत दडलेला गुण पुढच्या पिढीत कसा वर येतो. तो धडा मी पाठ केला होता, पण तो आपल्या ओसरीवर येईल असं कधी वाटलं नव्हतं. मी कागदाकडे पाहत राहिलो आणि तू माझ्याकडे. तेव्हा तुला एक गोष्ट माहीत होती जी मला नव्हती. पण तूसुद्धा ती तिथे बोलली नाहीस. मला वाटतं, तुलाही ती तेव्हा आठवली नव्हती.

पुढचे तीन आठवडे घरात काय चाललं होतं ते तू पाहिलंसच. कमलचं धानोऱ्याला ठरत आलं होतं. बापू म्हणाले, "त्या दवाखान्याच्या पायरीवर पोर दिसली का, दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला कळतं." मी म्हणालो, तुम्हाला सोयरीक हवी की पोरगी? बापूंशी मी असा कधी बोललो नव्हतो. ते केळीच्या बागेत निघून गेले. जेवायला बसले की कमल वाढायला यायची आणि ते ताटातून नजर वर करत नसत. आई देवापुढे बसायची. कमलला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळलं होतं; ती अंगावर पदर दोनदा लपेटून फिरायची.

मग तू एका सकाळी, बापू बैल सोडायला निघाले असताना, ओसरीवरून हाक मारलीस.

"भाऊ, कमलले कोठेच नेवानं नही."

"का, बेन?"

"तुले मायनी मांडीवर लिधेल शे ना रे. तू काकाना पोटना."

बापूंच्या हातात दावं होतं. एखादी वस्तू आपण कुठे ठेवली याची कुणीतरी आठवण करून द्यावी तसं ते म्हणाले, "हा. ते शे." आणि खांबाला टेकून खाली बसले.

मला तेव्हा कळलं की बापू दत्तक आहेत. तुझा सख्खा भाऊ लहानपणीच गेला, म्हणून मोठ्या मायनं दिराचं सहा महिन्यांचं पोर मांडीवर घेतलं. गावातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक होतं. लपवलेलं काही नव्हतं. बोलण्यासारखं आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. भाटाच्या वहीतही ते मोठ्या मायच्याच नवऱ्याखाली आहेत, त्यात दुसरी काही खूण नाही. मोठ्या मायचं रक्त बापूंमध्ये नव्हतंच, म्हणून कमलमध्येही नव्हतं. एवढं साधं होतं. आणि तीन आठवडे अन्न गोड न लागलेल्या बापूंना ते एकदाही सुचलं नाही. आपण त्या आईचे नाही, हे त्यांच्या मनातच येऊ शकत नव्हतं.

मी खोलीतून कागद आणला आणि तिथेच दुरुस्ती करायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दत्तक असेल तर तुटक रेघ. मी मोठ्या मायपासून बापूंपर्यंतची रेघ खोडून तुटक काढली.

"हाई काय करं?" तू विचारलंस.

मी समजावलं. म्हणालो, रक्ताच्या हिशेबानं ते तुझे सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत.

"पुरी मार."

"फुई, हे शास्त्र आहे."

"शास्त्र राहू दे. दर राखीले तो मन्हा हात धरीसन बठस. तू पुरी मार."

मी मारली नाही. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी बोललीस ते दुसऱ्याच गोष्टीवर, म्हणून तो वाद तसाच राहिला. मी अजूनही त्यावर विचार करतो. डॉक्टरीणबाईंना जे शोधायचं आहे त्यासाठी तुटकच रेघ हवी. पुरी मारली असती तर त्यांच्या कागदात खोटं शिरलं असतं, आणि त्या खोट्यानं पुढच्या एखाद्या घराची दिशा चुकली असती. पण तुझ्या आजारात रोज पहाटे उठून तुझ्यासाठी पाणी तापवणारा माणूस तुटक रेघेवर कसा दाखवायचा, हेही मला येत नाही. तुझं चुकलं असं म्हणायला मी तयार नाही. माझं चुकलं असंही नाही. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, ते तुला विचारायला हवं होतं.

त्याच सकाळचं आणखी एक. बापू शांत झाल्यावर आईनं घरात शिरा केला, शेजारी दिला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. तू वाटीला हात लावला नाहीस.

"गोड कसानं वाटतीस?" तू म्हणालीस. "जमनानी पोर शे ना खांडबाराले."

आमच्या कुणाच्या डोक्यात शांताबेन आलीच नव्हती. जमनाफुईची एकुलती एक मुलगी, खांडबाऱ्याला दिलेली, दोन लेकरांची आई. आमच्या घरावरची काळजी सरली म्हणजे सरलीच असं आम्ही धरून चाललो होतो. मी कागद पुन्हा पाहिला. मोठी माय काळी, तिच्याखाली जमनाफुई काळी, तिच्याखाली शांताबेनचा कोरा गोल. तो पहिल्यापासून तिथेच होता. मीच काढला होता.

"तू जाय," तू मला म्हणालीस. "तू शिकेल शे. तुले सांगता येई."

आता जे लिहिणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी खांडबाऱ्याला गेलो. शांताबेनच्या सासरचं स्टेशनजवळ दुकान आहे, मागे घर. ती अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसली होती आणि तिची सासू बाजेवर. मला पाहून शांताबेनला आनंद झाला. तिनं चहा केला. मी म्हणालो, फुई बरी आहे. मी म्हणालो, पाऊस बरा झाला. सासूबाईंनी विचारलं, "कालेजवाला भाऊ फक्त चहा पेवाले इतला लांब उना?" मी म्हणालो, एका मित्राकडे आलो होतो. शांताबेन मला दारापर्यंत सोडायला आली. तिथे आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, "तुले काही सांगनं व्हतं का रे?" माझ्या तोंडात तो शब्द आला नाही. मोठ्या बहिणीपुढे, तिच्या अंगाबद्दल, मी काय बोलणार होतो? वाटाण्यांबद्दल बोलता येतं. मी म्हणालो, "नाही गं, सहजच." तिनं तुझ्यासाठी पापडांची पुरचुंडी दिली आणि मी गाडी पकडली.

घरी तू वाटच पाहत होतीस.

"सांगं?"

"हो."

"काय म्हनी ती?"

"जाईन म्हणाली. मुंबईला."

"रडनी का?"

"नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस, पुरचुंडी हातात घेतलीस, म्हणालीस, "बरं." मी स्वतःला समजावलं की परीक्षा झाली की पुन्हा जाईन आणि नीट सांगेन. परीक्षा झाली. मग दुसरं काही निघालं. मी गेलो नाही.

त्यानंतर तुझ्या कमरेत दुखायला लागलं. मुंबईची ती तिसरी खेप बापूंनी एकट्यानं केली. येताना तुला गाडीत चक्कर आली म्हणून तुम्ही खांडबाऱ्याला उतरलात आणि पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनवरच थांबलात, एवढं मला बापूंनी सांगितलं. शांताबेन डबा घेऊन आली होती असंही म्हणाले. रोग हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली होती आणि बापूंच्या खांद्यावर हात ठेवला होता.

शेवटच्या दोन महिन्यांत मी दर रविवारी नंदुरबारहून घरी येत होतो. तुझं विचारणं थांबलं नव्हतं. एकदा खिडकीतून बाग दिसत होती, आणि तू म्हणालीस, "केळीनं पील मायसारखंच निंघस. पानं तशीच, घड तसाच. मानूसनं तसं का नही?" मी म्हणालो, विचारून सांगतो. पुढच्या आठवड्यात सरांना विचारलं. ते म्हणाले, केळीचं पील बीमधून येत नाही, ते मूळ झाडाचाच तुकडा असतं, म्हणून तंतोतंत तसंच; माणसात दोघांकडून अर्धं-अर्धं येतं, आणि कुठलं अर्धं येईल ते आधी कुणाला सांगता येत नाही. म्हणजे मोठ्या मायचं सगळंच शांताबेनमध्ये आलं असेल असं नाही. आलं असेल, नसेलही. बघितल्याशिवाय कळत नाही. हे मी वहीत लिहून घेतलं होतं, तुला वाचून दाखवायला. त्या रविवारी तू डोळे उघडले नाहीस.

तुला विचारायचं राहिलं ते बरंच आहे. त्या सूक्ष्मदर्शकात पाहताना तू इतका वेळ गप्प का होतीस? आधी 'कोनलेच नही' म्हणालीस ते कुणासाठी, कमलसाठी की तुझ्या आईसाठी? आणि माझं खोटं. ते सांगून टाकायला मी दोनदा तुझ्या खाटेशी बसलो होतो. दोन्ही वेळा तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि मी पाणी आणायला उठून गेलो.

दहाव्याला शांताबेन आली नाही. निरोप खांडबाऱ्याला गेला होता, पण तिथून कुणीच आलं नाही. बायका बोलल्या. कुणी म्हणालं, मावशीनं लेकीसारखं केलं आणि तिला एक दिवस काढवला नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला वाटत होतं की बोलणं मला लागायला हवं होतं, तिला लागत होतं.

काल दुपारी वसतिगृहात माझ्या नावाचं पाकीट आलं. मुंबईचा शिक्का. आत पेन्सिलीनं लिहिलेला कागद, शांताबेनचं चौथीतलं अक्षर. तिच्या घरच्यांनी तिला तू गेल्याचं अजून कळवलेलं नाही. तिचा नवरा तिच्याजवळच असणार. त्याला ठाऊक असेल, आणि त्यानं सांगितलं नसेल. ती लिहिते:

'जगनभाऊस शांताचा आशीर्वाद. मी इथं मोठ्या दवाखान्यात आहे. मावशी खांडबारा टेसनावर उतरली तवा मामा चहाला गेले, आणि मावशीनं बायकांच्या खोलीत दार लोटून मला तिची छाती दाखवली. म्हणाली, हे बघून घे आणि जा. ती म्हणाली जगन तुला बोलला नाही ते मला त्याच दिवशी कळलं, पण त्याला बोलू नको, लहान आहे. घरी मनवायला मला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं तर बोराएवढी गाठ निघाली. मला तर लागतबी नव्हती. काढली. टाके निघाले. वेळेवर आलीस म्हणाल्या. मुलींना पुढं दाखवत जा म्हणाल्या. आठ दिवसांनी घरी सोडतील. मावशीला हे वाचून दाखव.'

फुई, शांताबेनची गाठ काढली. बोराएवढी होती. ती पुढच्या आठवड्यात घरी येते आहे.